समुद्रकाठी दोन दिवसांचं हॅम केंद्र: आधी तिथी बघा, मग अँटेना

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातला आठ जणांचा हॅम (म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा) क्लब जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी गुहागरच्या बाजूला किनाऱ्यावर तात्पुरतं केंद्र लावणार आहे. शंभर वॉटचे दोन रिग, म्हणजे बोलण्या-ऐकण्याचे रेडिओ संच, आहेत. ७, १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर काम करायचं आहे. अँटेना कोणता लावावा, बॅटरी किती न्यावी, परवानगी कोणाकोणाची लागते, आणि एका सभासदाकडे ॲम्प्लिफायर आहे तो आणावा का?

चारही उत्तरं देतो. पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या प्रश्नापासून: त्या शनिवारी तिथी कोणती?

हा प्रश्न मी फार महागात शिकलो. आमच्या पहिल्याच किनारी कार्यक्रमात आम्ही दुपारी ओहोटीच्या वेळी पोहोचलो. समोर ऐसपैस ओली वाळू, पाणी लांब गेलेलं. पाण्याजवळ तेवढं चांगलं, एवढं वाचून आलो होतो, म्हणून ओल्या वाळूच्या कडेलाच बांबू रोवायला घेतला. खांद्यावर जाळं टाकून चाललेले एक आजोबा थांबले. बांबूकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, म्हणाले, “पुनव हाय आज. पानी हितवर येतंय,” आणि पायाच्या अंगठ्याने वाळूत एक रेघ ओढली. रेघ आमच्या टेबलाच्या मागे होती. आम्ही मान डोलावली आणि मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडलं. कोष्टकात उंची मीटरमध्ये होती. ती वाचून आम्हाला वाटलं, एवढंच ना!

कोष्टक खोटं नव्हतं. पण कोष्टक पाणी किती चढेल ते सांगतं, किती आत येईल ते सांगत नाही. कोकणातल्या सपाट पुळणीवर उतार चाळीसाला एक असला, तर पाणी एक मीटर चढलं की चाळीस मीटर आत येतं. रात्री अकराच्या सुमारास चाळीस मीटर बँडवर (म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर) युरोप मस्त लागला होता, आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळतो ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.३ वरून हळूहळू २ च्या पुढे सरकायला लागला. आम्ही कनेक्टर हलवून पाहिला, ट्यूनर फिरवून पाहिला. शेवटी एक जण टॉर्च घेऊन अँटेनाकडे गेला आणि तिथूनच ओरडला की रेडियल, म्हणजे अँटेनाच्या बुंध्यापासून पसरलेल्या वायरी, पाण्याखाली आहेत. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. बॅटरीच्या खोक्याला फेस टेकला होता.

दुसऱ्या दिवशी तेच आजोबा हिशेब सांगून गेले. कोकणात तो पोरासोरांना येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. म्हणून तात्पुरत्या केंद्राला भांगाचा शनिवार-रविवार मिळाला तर तोच घ्या. अँटेना आणि पाणी यांतलं अंतर दोन्ही दिवस फारसं बदलत नाही, आणि रात्री झोप लागते. तारीख आधीच ठरली असेल तर निदान आदल्या भरतीची खूण शोधा. वाळूवर काटक्या, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची एक वेडीवाकडी ओळ पडलेली असते. दोन ओळी दिसल्या तर वरची खरी मानायची, आणि वस्तीचं सगळं सामान तिच्याही वर.

आता अँटेना. किनाऱ्यावर जायचं कशासाठी, हे नीट समजलं की निवड सोपी होते. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, साध्या जमिनीची ०.००५ च्या आसपास. म्हणजे हजारपट फरक. १४ मेगाहर्ट्झला प्रवाह खाऱ्या पाण्यात जेमतेम ६ सेंटिमीटर खोल शिरतो. रेडिओच्या दृष्टीने समुद्र म्हणजे क्षितिजापर्यंत अंथरलेला पत्रा. उभ्या अँटेनाचं जमिनीवरचं दुखणं असं की क्षितिजालगतचे किरण माती खाऊन टाकते. पाण्यावर ते शाबूत राहतात. साध्या जमिनीवरचा आणि पाण्याकाठचा तोच पाव-तरंगाचा (तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढा) वर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, यांची तुलना केली, तर ५ ते १० अंशांच्या खालच्या कोनात ६ ते १० डेसिबलचा, म्हणजे चार ते दहा पट शक्तीचा, फरक पडतो. दूरचे देश नेमके याच कोनात येतात. आडव्या डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या दोन हातांच्या वायरीला) समुद्राचा असा काही फायदा नाही. तो पुण्यातल्या गच्चीवर असतो तसाच इथेही वागतो.

तेव्हा पाण्याकाठी वर्टिकलच. पाव तरंगाची लांबी काढायला ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.१ ला १० मीटर, १४.२ ला ५ मीटर, २१.२ ला ३.३६ मीटर. साधी वायर दुर्बिणीसारख्या उघडणाऱ्या फायबरच्या काठीला बांधायची. फीडपॉइंट (केबल जिथे अँटेनाला जोडतात ती जागा) वाळूपासून दीड-दोन मीटर उंच, तिथून प्रत्येक बँडला पाव तरंगाचे दोन रेडियल, एकमेकांच्या उलट दिशेला, किनाऱ्याला समांतर. वाळूत साठ वायरी पुरायची गरज नाही, ती मेहनत समुद्राने केलेली आहे. अंतर पाण्यापासून अर्ध्या तरंगाच्या आत ठेवा. वीस मीटर बँडला (१४ मेगाहर्ट्झ) म्हणजे दहा मीटर. पन्नास-साठ मीटर मागे सुरूच्या बनात वर्टिकल उभा केला, तर समुद्र फक्त बघायला राहतो. ओली वाळू म्हणजे पाणी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

एक सूचना. चाळीस मीटर बँडचा वर्टिकल पंधरा मीटर बँडवरही (२१ मेगाहर्ट्झ) जुळतो, एसडब्ल्यूआर छान दिसतो, म्हणून लोक तोच दोन्हीकडे वापरतात. पण तिथे तो पाऊण तरंगाचा होतो आणि बराचसा माल वर आभाळात फेकतो. साडेतीन मीटरची वेगळी वायर लावायला दहा मिनिटं लागतात.

फीडरमध्ये, म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये, काटकसर नको. आरजी-५८ या बारीक केबलची तीस मीटर लांबी १४ मेगाहर्ट्झवर दीड ते दोन डेसिबल खाते; शंभरातले तीसेक वॉट केबल गरम करण्यात जातात. आरजी-२१३ ही जाड केबल त्याच्या निम्म्याहून कमी. ती जड असते, वळत नाही, गाडीत जागा खाते. तरी तीच न्या.

गुहागरहून पश्चिमेला अरबस्तान आणि आफ्रिकेपर्यंत मध्ये नुसतं पाणी. युरोप वायव्येला, तोही किनाऱ्याच्या तिरक्या रेषेत पाण्यावरूनच सुटतो. पण जपान-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला तुमच्या पाठीमागे जांभ्या दगडाचा सडा आणि त्यामागे सह्याद्री. त्या दिशेला समुद्राची मदत नाही, हे मनाशी धरूनच पाळ्या लावा. सकाळी पूर्वेकडे वेळ घालवण्यापेक्षा पहाटे ७ मेगाहर्ट्झवर युरोप ऐका.

आणि घरच्यांचं काय? पुणे, मुंबई, कोल्हापूर हे सगळं दीड-दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात. पाण्याकाठचा वर्टिकल या गावांच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. क्लबातल्या मागे राहिलेल्यांनी “आम्हाला तुम्ही ऐकूच आला नाहीत” म्हणायला नको असेल, तर ७.१ चा डायपोल, एकेक हात १० मीटर, सुरूच्या झाडांत चार-पाच मीटर उंचीवर उलट्या व्हीसारखा टांगा. तो जवळजवळ सरळ वर मारतो आणि दिवसा आयनावरणावरून परतून आसपासचा सगळा महाराष्ट्र भिजवतो. दोन रिग आहेत, दोन अँटेना झाले. तिसऱ्याचा मोह आवरा. आठ जणांतले चार दोऱ्या सोडवत बसलेले मी पाहिलेले आहेत. झाड निवडताना सुरू चालेल, माड नको. माडाला बांधायला सोपं पडतं हे खरं, पण खाली बसलेल्याच्या डोक्यावर नारळ आणि झावळ दोन्ही न सांगता येतात.

वाळूत खुंटी धरत नाही. तंबूच्या खुंट्या तर पहिल्या झुळकीला दात पडावा तशा निघतात. यावर जुना उपाय म्हणजे पोत्यात वाळू भरून, गळ्याला दोरी बांधून ते दोन-अडीच फूट खाली पुरायचं. हा उपाय मी वर्षानुवर्षं सांगत आलो, पण गुहागरसाठी तो मागे घेतो. कारण कासवं. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री या किनाऱ्यांवर येऊन भरतीरेषेच्या वर वाळूत अंडी घालतात. गुहागर, आंजर्ले, वेळास ही सगळी त्यांची ठिकाणं. म्हणजे तुम्हाला अँटेनासाठी जो पट्टा हवा, नेमका तोच त्यांनाही हवा. तिथे खड्डे खणणं, झगझगीत दिवे लावणं, रात्री कमरेइतक्या उंचीवर वायरी ताणून ठेवणं, यातलं काही चालणार नाही. आधी गावातल्या कासवमित्रांना आणि वनखात्याच्या माणसांना भेटा. ते सांगतील तो तुकडा घ्या. पोती पुरू नका. वाळूने भरून नुसती वर ठेवा, एका दोरीला दोन-दोन. दिव्यांना लाल जिलेटिन कागद लावा, आणि काळोख पडल्यावर पाण्याकाठी फिरणं बंद. रात्रीचं काम टेबलावरून होतं, त्याला किनाऱ्यावर जावं लागत नाही.

काठीविषयी दोन शब्द. फायबरच्या काठीच्या सांध्यांत वाळू शिरली की घर्षण जातं आणि वाऱ्यात काठी आपसूक मिटते, तीही बहुधा चांगला पाइलअप (एकाच वेळी अनेक स्टेशनांच्या हाका) लागलेला असताना. उघडताना प्रत्येक सांधा फडक्याने पुसा, वरून इन्सुलेशन टेपचे तीन वेढे द्या. बांबू वापरायचा तर स्थानिक माणगा घ्या. सरळ वाढतो, काटे नाहीत, आतून बराचसा भरीव असतो आणि वाऱ्यात वाकतो, मोडत नाही. काठी उभी करायची ती सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, जेव्हा मतलई वारे थांबलेले असतात आणि खारे वारे सुरू व्हायचे असतात. मधल्या त्या तासाभरात दोन माणसांत काम होतं. दुपारी तीनला त्याच काठीला पाच जण लागतात आणि तोंडातही वाळू जाते. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, तो पतंगाला बांधलेल्या वायरीवर; त्याआधी वाऱ्यात एक फुगा आणि एक पतंग गमावून झाला होता. तेव्हा पहिल्या दिवशी काठी पडली तर मनाला लावून घेऊ नका. पण जादा काठी न्या.

बॅटरीचा हिशेब लोक उलटा करतात. शंभर वॉटचा रिग पूर्ण जोरात २० अँपिअर ओढतो, म्हणून २० गुणिले तास असं मांडून घाबरतात. आवाजावर काम करताना तुम्ही वेळेच्या तिसऱ्या भागाइतकंच बोलता, आणि बोलतानाही सरासरी आठ-नऊ अँपिअर. ऐकताना एक-सव्वा. आठ तासांना तीसेक अँपिअर-तास पुरतात. एफटी८, म्हणजे संगणकावरून छोटे संदेश पाठवायची पद्धत, मात्र फसवं. वॉट कमी ठेवता, तीस म्हणा, पण पंधरा सेकंद पाठवायचं आणि पंधरा ऐकायचं हा रहाट अखंड चालू. तीस वॉटला दहा अँपिअर धरले, तर आठ तासांना ४५ अँपिअर-तास जातात. म्हणजे कमी शक्तीचं काम बॅटरी जास्त पितं. साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्मंच काढायचं. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर बहुतेक सगळं निघतं. तुमच्या दोन रिगना १०० अँपिअर-तासाची एकेक लिथियम बॅटरी, आणि रात्री निवासाच्या ठिकाणी चार्जिंग, एवढं पुरे. जनरेटर नको. त्याची घरघर कानाला आणि रिसीव्हरला दोन्हीकडे लागते.

या सगळ्यात खरा घोटाळा बॅटरीत होत नाही, तिच्या वायरीत होतो. बॅटरी गाडीत, रिग टेबलावर, मध्ये दहा मीटर अडीच चौरस मिलिमीटरची घरगुती वायर. जायची-यायची मिळून वीस मीटर तांबं, रोध ०.१४ ओहमच्या जवळ, २० अँपिअरला पावणेतीन व्होल्ट गायब. रिगला मिळतात दहा. तो “पी” म्हणताच बंद पडतो, आणि मंडळी बॅटरी बदलत बसतात. सहा चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर घ्या, तीच घट एक तृतीयांश व्होल्टवर येते. बॅटरी टेबलाखाली, फळीवर, झाकलेली. दोन्ही वायरींना बॅटरीपाशीच फ्यूज.

मिठाचं काय करायचं? हवेतली आर्द्रता संध्याकाळी प्रत्येक वस्तूवर खारट, चिकट पडदा चढवते. आमच्या त्या पौर्णिमेच्या रात्री भिजलेला पीएल-२५९ कनेक्टर मी तसाच गुंडाळून घरी आणला. आठवड्याने उघडला तर मधली पिन हिरवी, आणि वेटोळं सोलत गेलो तसतशी जाळी काळी निघत गेली. पाणी वातीसारखं आत चढलं होतं. जवळजवळ दोन मीटर केबल कापून टाकली तेव्हा कुठे चकचकीत तांबं दिसलं. तेव्हापासून उघड्यावरच्या प्रत्येक कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप. एका टोकाने फीड केलेली अर्ध्या तरंगाची वायर कोणी आणणार असेल, तर त्याला सांगा की ४९ पट ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला शंभर वॉटवर सुमारे ५०० व्होल्ट असतात. इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला की तिथे ठिणग्या खेळतात. अंगणात झकास चालणारा अँटेना किनाऱ्यावर दुसऱ्या रात्री रुसतो, त्याचं कारण बहुधा हेच. दर काही तासांनी गोड्या पाण्याने भिजवलेलं फडकं फिरवा.

परवानग्यांकडे येतो. मूळ परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी या शाखेचा. त्यावर पत्ता लिहिलेला असतो. दुसऱ्या ठिकाणाहून काम करायचं तर परवान्याच्या अटी वाचून आधी लेखी कळवा आणि पोच बरोबर ठेवा. खास कॉलसाइन (हवेत सांगायचं केंद्राचं ओळखनाव) हवं असेल तर त्याचा अर्ज वेगळा, आणि तो जानेवारीसाठी दिवाळीआधीच गेलेला बरा. १९७८ च्या हौशी सेवा नियमांवर बेतलेले अर्जाचे जुने नमुने अजून हातोहात फिरतात. २०२३ चा दूरसंचार कायदा आल्यापासून कागदपत्रं बदलत आहेत, म्हणून दुसऱ्या क्लबचं जुनं पत्र उतरवून काढू नका, पोर्टलवरचा चालू नमुना घ्या. किनारा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत, तिथे एक पत्र. पोलीस ठाण्यात एक पत्र, सर्वांच्या परवान्यांच्या प्रती आणि रिगची यादी जोडून. किल्ल्यावर जायचं मनात आलं तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही. दीपगृहाच्या आवारात जायचं तर ते दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालयाचं.

पोलिसांचं पत्र उपचार म्हणून देऊ नका, स्वतः जाऊन भेटा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले. त्यानंतर कोकणातल्या प्रत्येक गावाला शिकवलं गेलं की किनाऱ्यावर अनोळखी माणसं, विचित्र यंत्रं दिसली की कळवा. तुम्ही नेमके तसेच दिसणार: काठ्या, वायरी, हेडफोन आणि परदेशी आवाज. गावकऱ्याने फोन केला तर तो बरोबरच आहे. त्यात सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि लांबून बघणाऱ्याला हॅम रिग आणि सॅटेलाइट फोन यांतला फरक कळत नाही.

एकदा संध्याकाळी आमच्या तंबूत एक हवालदार आले. पत्रं पाहिली, मान हलवली, पण जाईनात. रिगवर एक इटालियन स्टेशन होतं. “हा इटलीचा कशावरून?” मी कॉलसाइन दाखवलं, ‘आय’ने सुरू होतं ते इटलीचं म्हटलं. ते म्हणाले, “तो सांगतो म्हणून इटलीचा होय?” पंचवीस वर्षांच्या हॅमगिरीत इतका मूलभूत प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग त्यांना नकाशावर दिशा दाखवली, या वेळी त्याच दिशेने का ऐकू येतं ते सांगितलं, चहा झाला. दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन आले. मुलाला बोलायचं होतं. इथे मन घट्ट करावं लागतं. आपल्याकडे परवाना नसलेल्याच्या हाती माइक देता येत नाही. पण हेडफोन देता येतो, आणि मोर्सच्या सरावाची कळ, जिला फक्त बझर जोडलेला आहे, ती तासभर वाजवू देता येते. म्हणून तुमच्या आठांपैकी एकाला रिगवर बसवूच नका. त्याचं काम फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणं. त्याच्याकडे मराठीतलं एक पानभर माहितीपत्रक आणि परवान्यांच्या प्रती. हा माणूस क्लबातला सर्वांत चांगला ऑपरेटर असावा, असं माझं मत आहे, आणि यावरून आमच्याकडे दर वर्षी भांडण होतं.

दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा. किनाऱ्यावर उंट, घोडे, मोटरसायकली आणि क्रिकेटमागे धावणारी मुलं सगळं असतं. रेडियलच्या टोकांशी व्होल्टेज जास्त असतं, तिथे हात पोहोचणार नाही एवढी उंची ठेवा किंवा दोरीचं कुंपण करा.

लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, जागतिक वेळेत लिहायचा. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, आणि तारीख बदलते पहाटे साडेपाचला. नेमकी त्या वेळी ७ मेगाहर्ट्झवर युरोपची झुंबड असते आणि लिहिणारा झोपेत असतो, त्यामुळे तास-दोन तासांच्या नोंदी आदल्या तारखेला पडतात. लॅपटॉपवर जागतिक वेळच लावून टाका. एफटी८ ला घड्याळ एका सेकंदाच्या आत हवं. किनाऱ्यावर मोबाइलची रेंज गेली तर जीपीएसचा छोटा रिसीव्हर वेळ देतो. मुख्य भूमीवरचा किनारा ‘आयोटा’त (बेटांवरून केलेल्या हॅम संपर्कांच्या पुरस्कार योजनेत) बेट म्हणून मोजत नाहीत, हेही आताच सांगून ठेवतो, म्हणजे संपर्काची कार्डं छापताना वाद नको.

ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय दीपगृह सप्ताहअखेर असते, हॅम मंडळी दीपगृहांवरून केंद्रं लावतात, तेव्हा जावं का, असं पुढे विचाराल म्हणून: तो विचार युरोपातल्या उन्हाळ्याला धरून केलेला आहे. आपल्याकडे त्या दिवसांत आभाळ फाटलेलं आणि समुद्र खवळलेला. पक्कं छप्पर देणारं, मुख्य भूमीवरचं दीपगृह मिळालं तरच जा, आणि खांदेरीसारख्या बेटाचं नाव नारळी पौर्णिमेपर्यंत काढू नका.

हे सगळं खेळ म्हणून करायचं, यात गैर काही नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा गट पोर्ट ब्लेअरला गेला होता तोही खेळासाठीच. अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हॅम केंद्र चालत होतं आणि व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनसाठी जगभर रांगा लागल्या होत्या. २६ तारखेला सकाळी त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि पाइलअपसाठी लावलेलं तेच केंद्र बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवू लागलं. अँटेना उभा होता, वीज होती, माणसं सरावलेली होती. तुमच्याकडून तसं काही कोणी मागत नाही, पण निदान एक तास असा ठेवा की दोन्ही रिग बॅटरीवर, मोबाइल बंद, आणि पुण्याला ठरलेले दहा निरोप शब्दाला शब्द जुळवून पोहोचवायचे. त्यासाठी बनातला तो ठेंगणा डायपोल हवा, पाण्याकाठचा देखणा वर्टिकल नव्हे.

राहिला ॲम्प्लिफायर. शंभर वॉटचे चारशे केले की ६ डेसिबल मिळतात. समुद्र तेवढं किंवा त्याहून जास्त फुकट देतो, आणि ऐकतानाही देतो. शिवाय त्याला लागणाऱ्या विजेसाठी जनरेटर, जनरेटरसाठी पेट्रोल, आणि सगळ्यावर मीठ. तो घरीच राहू द्या. गाडीत त्याच्या जागी वीस लिटरचे दोन कॅन ठेवा, गोड्या पाण्याचे. रविवारी निघताना कनेक्टर, काठ्या, दोऱ्या त्याने धुवा आणि सावलीत वाळवा. पोत्यांतली वाळू तिथेच ओता, पोती मोजून परत घ्या. भरताना किती होती ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असू द्या.